बंदुकीच्या टोकावरचा मणी: काढायचा की ठेवायचा?

ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी अवतार. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्चुअली’ थोडे कमी केलेत.

मार्कंड्याच्या एका श्रोत्याचा प्रश्न आलाय. तो आता शहरात क्लबच्या शॉटगनवर ट्रॅप आणि स्कीट शिकतोय. त्याला रेंजवर एक सिनिअर म्हणाला, “पुढचा मणी काढून टाक, स्कोअर वाढेल.” दुसरा म्हणाला, “वेडा आहेस का, त्याच्याशिवाय नेम कसा धरणार?” आता ऐकायचं कोणाचं?

आधी एक गोष्ट. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत ‘बंदूक’ म्हटलं की डोळ्यांसमोर भरमार येते, नाहीतर बातमी येते. इथे विषय तो नाही. मातीच्या रंगाच्या एका तबकडीचा आहे. ती ११० मिलिमीटर रुंद, साधारण १०५ ग्रॅम वजनाची. मशीन ती हवेत भिरकावतं आणि तुम्ही ती फोडायची. शिकार १९७२ च्या कायद्याने बंद आहे, आणि ते बरंच आहे.

तर मणी. नळीच्या वरच्या पट्टीच्या अगदी टोकाला पितळेचा किंवा पांढरा बारका दाणा असतो, जुन्या लोकांच्या तोंडी ‘मक्खी’. काही बंदुकांना पट्टीच्या मध्यावर आणखी एक, त्याहून छोटा मणी असतो.

आता वैनगंगेकाठच्या शेतात जाऊ. पीक राखायला गोफण फिरवणारा माणूस बघा. त्याची नजर पाखरांच्या थव्यावर असते, हात आपोआप तिथे जातो. शॉटगनचं तसंच आहे. रायफल रोखतात, शॉटगन दाखवतात. रायफलमध्ये एक गोळी आणि स्थिर लक्ष्य, म्हणून पुढची माशी स्वच्छ दिसायलाच हवी. शॉटगनमध्ये शेकडो छर्रे आणि पळतं लक्ष्य. तिथे स्वच्छ दिसायला हवी ती तबकडी.

दोन्ही स्वच्छ दिसणार नाहीत का? नाही दिसणार. मोबाईलचा कॅमेरा काढा, एक बोट लेन्सजवळ धरा आणि स्क्रीनवर बोटाला टॅप करा. मागचं झाड धूसर होतं. झाडाला टॅप करा, बोट धूसर. डोळ्याचंही हेच गणित. मणी डोळ्यापासून जवळपास एक मीटरवर, तबकडी वीस-तीस मीटरवर. फोकस एकाच ठिकाणी मिळणार.

आणि खरा घोळ धूसरपणाचा नाहीच. नजर तबकडीवरून मण्यावर आली की हात थांबतो. जाणवतही नाही. स्कीटमध्ये आडवी जाणारी तबकडी ताशी ९० किलोमीटरने जातेय असं धरा, म्हणजे सेकंदाला २५ मीटर. बंदूक फक्त एक दशांश सेकंद थबकली, तर तबकडी अडीच मीटर पुढे गेली. छर्ऱ्यांचा फुलोरा त्या अंतरावर जेमतेम पाऊण-एक मीटर रुंद. झालं, मागून गेला शॉट. शिकाऊ लोकांचे बरेच शॉट असे मागूनच जातात.

एका तबकडीने काय होतं म्हणाल, तर पॅरिस २०२४ आठवा. मिश्र स्कीटमध्ये महेश्वरी चौहान आणि अनंतजीतसिंग नरुका ही आपली जोडी चीनकडून ४४-४३ अशी हरली. कांस्यपदक एका तबकडीने गेलं. त्यांचं मण्यामुळे गेलं असं मी अजिबात म्हणत नाहीये. एका तबकडीची किंमत काय असते तेवढं सांगतोय.

मग काढूनच टाकूया? थांबा ना भाऊ.

मण्याला एक खरं काम आहे, आणि ते गोळी सुटण्याच्या आधीचं. बंदूक खांद्याला नीट लागली का, गाल लाकडावर रोजच्याच जागी टेकला का, हे त्यावरून कळतं. दोन मणी असतील तर बरेच जण ते एकावर एक ठेवून आठ आकड्यासारखे जुळवतात. गाल वर राहिला तर जुळणी बिघडते. म्हणजे मणी हे आमच्या भाषेत टेस्टिंगचं टूल आहे; प्रॉडक्शनमध्ये त्याच्याकडे बघत बसायचं नसतं.

इथे ट्रॅप आणि स्कीटमध्ये फरक पडतो. ट्रॅपमध्ये बंदूक आधीच खांद्याला लावून मग तबकडी मागता येते. जुळणी बघायला निवांत वेळ आहे, मणी उपयोगी. ऑलिम्पिक पद्धतीच्या स्कीटमध्ये तबकडी दिसेपर्यंत बंदूक कमरेजवळ ठेवावी लागते, आणि मागितल्यावर ती लगेच येईल किंवा तीन सेकंदांपर्यंत कधीही येईल. खांद्याला लावल्यावर मणी तपासायला वेळ कुठला? तिथे तो घरी, रिकाम्या बंदुकीने, आरशासमोर सराव करतानाच कामाचा.

म्हणून माझं मत असं: नव्याने मणी ठेवावा, पण साधा आणि छोटा. ते हिरवे-लाल चमकणारे फायबरचे मणी बघायला भारी असतात, आणि तीच तर अडचण. चमकणारी वस्तू नजर खेचणारच. अपवाद एक. ज्यांचा खांदा उजवा पण जोरकस डोळा डावा, त्यांच्यासाठी नळकांड्यात बसवलेले फायबर मणी मिळतात, जे फक्त पट्टीच्या सरळ रेषेतल्या डोळ्याला चमकताना दिसतात. आपला जोरकस डोळा कोणता हे आधी बघा: दोन्ही डोळे उघडे ठेवून बोट लांबच्या खांबावर धरा, मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने बोट खांबावरच राहतं तो जोरकस. हा घोळ असेल तर मणी काढून काही सुटणार नाही, आधी कोचशी बोला.

काढावा कोणी? ज्याचं माउंट पक्कं झालंय आणि तरी नजर परत परत मण्यावर घसरते, त्याने. फुटात-इंचात अंतर मोजत बसणारे असतात ना, ते.

आणि काढण्याआधी झाकून बघा. मण्यावर काळ्या टेपचा बारीक तुकडा लावा आणि निदान चार-पाच राऊंड मारा. एका राऊंडवर ठरवू नका, एका राऊंडमध्ये २५ तबकड्या असतात, तेवढ्यात नशीबही स्कोअर हलवतं. आपल्या श्रोत्याची बंदूक क्लबची आहे, त्यामुळे त्याने टेपपाशीच थांबावं. दुसऱ्याच्या बंदुकीला पकड लावायची नाही.

स्वतःची असेल तर बंदूक उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत हे डोळ्यांनी बघा, काडतुसं दुसऱ्या खोलीत. बरेच मणी आट्यांचे असतात. चामड्याचा तुकडा मध्ये घेऊन पकडीने हळू फिरवा. फिरत नसेल तर तो ठोकून बसवलेला असू शकतो, कारागिराकडे न्या. वर पट्टी नसलेल्या एकनळीत मणी थेट नळीवरच असतो, तिथे घरी प्रयोग नको. मोकळ्या छिद्रात आखूड स्क्रू बसवा, लांब नको, आणि तेलाचा थेंब सोडा. आपल्याकडच्या पावसाळ्यात गंज धरायला वेळ लागत नाही.

निघालेला मणी छोट्या डबीत, बंदुकीच्या पेटीतच ठेवा. बंदूक विकायची वेळ आली की घेणारा पहिलं तेच विचारतो.