"कर्ज मंजूर झालंय, फक्त फाईल चार्ज भरा": असा फोन आला तर काय करायचं, आणि फसलात तर कुठं सांगायचं



लातूरच्या एका बॅचमधली गोष्ट सांगतो. अहमदपूर तालुक्यातल्या एक ताई शेवया-पापडाचा घरगुती धंदा करायच्या. त्यांना मशीन घ्यायचं होतं. चहाच्या सुट्टीत त्या माझ्याकडे आल्या आणि हळूच म्हणाल्या, "सर, माझं मुद्राचं तीन लाखाचं लोन मंजूर झालंय. पण ते साहेब आणखी पैसे मागायलेत. भरू का?"

मी मोबाईल हातात घेतला. व्हॉट्सअॅपवर 'मंजुरी पत्र' होतं. वर अशोकस्तंभ, खाली गोल शिक्का, मध्ये ताईंचं पूर्ण नाव. आधी फाईल चार्ज म्हणून १,८५० रुपये घेतले होते. मग विम्याचे म्हणून ७,५००. त्याच दिवशी सकाळी 'जीएसटी'च्या नावाखाली १२,३५०. एकूण २१,७०० रुपये गेले होते आणि आता आणखी १८,००० मागत होते.

मी विचारलं, "घरी सांगितलं का?" त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "कसं सांगू सर? आधीच म्हणतात, तुला धंदा जमणार न्हाई."

मित्रांनो, भामट्याचं खरं भांडवल हेच आहे. आपल्याला वाटणारी लाज. फोनवरचा माणूस पैसे नेतो ते दहा मिनिटांत, पण आपण दहा दिवस गप्प बसतो म्हणून ते परत येत नाहीत.

आम्ही क्लास थांबवला आणि तिथूनच १९३० ला फोन लावला. सकाळचा व्यवहार होऊन दोनच तास झाले होते, त्यामुळे त्यातले ९,००० रुपये पुढच्या खात्यात अडवता आले. काही महिन्यांनी कोर्टाच्या आदेशानं ते ताईंना परत मिळाले. आधीचे दोन व्यवहार नऊ-दहा दिवसांचे जुने होते. ते पैसे गेले ते गेलेच.

सरकारी योजनेत पैसे कुठल्या दिशेनं जातात, हे आधी समजून घ्या

योजनेचं नाव सांगून फोन आला की घाबरू नका आणि हुरळूनही जाऊ नका. स्वतःला एकच प्रश्न विचारा, या योजनेत पैसे कोण कुणाला देतं? हे माहीत असेल तर निम्मे भामटे तिथंच उघडे पडतात.

मुद्रा योजना: ८ एप्रिल २०१५ ला सुरू झाली. शिशु गटात ५० हजारांपर्यंत, किशोर गटात ५ लाखांपर्यंत, तरुण गटात १० लाखांपर्यंत कर्ज मिळतं. तरुण गटातलं आधीचं कर्ज नीट फेडलेल्यांसाठी २०२४ पासून मर्यादा २० लाखांपर्यंत नेली आहे. आता मुद्दा ऐका. मुद्रा ही संस्था तुम्हाला-मला थेट कर्ज देतच नाही. कर्ज देते बँक, आणि मुद्रा त्या बँकेला मागून पैसा पुरवते. म्हणजे 'मुद्रा ऑफिसमधून बोलतोय, तुमचं लोन पास झालंय' हे वाक्यच खोटं. मुद्राचा कुणी एजंट नसतो. बँकेनं काही शुल्क घेतलंच तर ते शाखेत, तुमच्या खात्यातून, पावतीसह कापलं जातं. कुणाच्या फोन नंबरवर यूपीआय करायला बँक सांगत नाही.

पीएमईजीपी: ही खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची योजना. उत्पादनासाठी ५० लाखांपर्यंत आणि सेवा उद्योगासाठी २० लाखांपर्यंतचा प्रकल्प यात बसतो. प्रकल्पाच्या १५ ते ३५ टक्के अनुदान मिळतं. पण ते अनुदान तुमच्या हातात रोख येत नाही. ते तीन वर्षं बँकेत तुमच्या नावानं ठेव म्हणून राहतं आणि नंतर कर्जात वळतं होतं. त्यामुळे 'सबसिडी आजच सोडतो, दहा टक्के पाठवा' असं कुणी म्हणालं तर फोन ठेवा. तुमचा स्वतःचा ५ किंवा १० टक्के हिस्सा असतो हे खरं, पण तो तुमच्याच बँक शाखेत भरायचा असतो.

अण्णासाहेब पाटील महामंडळाची व्याज परतावा योजना: यात आधी बँक कर्ज देते, तुम्ही हप्ता भरता आणि मग व्याजाची रक्कम महामंडळ तुमच्या खात्यात परत करतं. म्हणजे परतावा तुमच्याकडे येतो. तो 'सोडवायला' कुणाला पैसे द्यावे लागत नाहीत.

उद्यम नोंदणी: १ जुलै २०२० पासून आहे आणि पूर्ण मोफत आहे. आधार, पॅन आणि तुम्ही स्वतः दिलेली माहिती, बस्स. तरी गुगलवर शोधलं की सरकारी वाटाव्या अशा खाजगी साइट आधी दिसतात आणि हजार-दोन हजार रुपये घेतात. आपल्या बॅचमधल्या कितीतरी जणांनी असे पैसे भरलेत. सरकारी साइटच्या पत्त्याचा शेवट 'डॉट गव्ह डॉट इन' असा असतो. 'डॉट ओआरजी', 'डॉट कॉम', 'डॉट को' दिसलं की थांबा.

आणखी एक प्रकार आपल्या भागात जोरात आहे. व्हॉट्सअॅपवर 'पीएम किसान' किंवा 'आरटीओ चलान' नावाची एपीके फाईल येते. ती उघडली की मोबाईलमध्ये एक अॅप बसतं आणि तुमचे ओटीपीचे मेसेज परस्पर दुसरीकडे जातात. इथं तुम्ही कुणाला ओटीपी सांगितलेलाही नसतो, तरी खातं रिकामं होतं. एपीके फाईल पाठवणारा सख्खा भाऊ असला तरी उघडू नका. बहुतेक वेळा त्याचाच मोबाईल आधी हॅक झालेला असतो.

पैसे गेले? मग या क्रमानं चला

१. आधी १९३०. हा राष्ट्रीय सायबर हेल्पलाइन नंबर आहे. तुमची तक्रार लगेच बँकांना जाते आणि पैसे ज्या खात्यातून ज्या खात्यात सरकत असतील तिथं अडवले जातात. भामटा ते पैसे एटीएममधून काढेपर्यंतच ही संधी असते, म्हणून प्रत्येक मिनिट मोजा.

२. हातात ही माहिती ठेवा: तुमचा खाते क्रमांक, रक्कम, तारीख, वेळ, व्यवहाराचा क्रमांक (यूटीआर) आणि समोरच्याचा मोबाईल नंबर. चॅट डिलीट करू नका. लाजेपोटी बरेच जण आधी चॅटच पुसतात आणि पुरावा घालवून बसतात.

३. त्यानंतर लगेच बँक. शाखेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात एक महत्त्वाची गोष्ट आहे. ओटीपी किंवा पिन देऊन चूक तुमच्याकडून झाली असली, तरी बँकेला कळवल्यानंतर जे नुकसान होईल ते बँकेचं. म्हणजे कळवायला जितका उशीर, तितका तोटा तुमचा.

४. राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार पूर्ण करा. १९३० वरून मिळालेला पोच क्रमांक जपून ठेवा. जमत नसेल तर जिल्हा सायबर पोलीस ठाण्यात किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात जा. "हे आमच्या हद्दीत येत नाही" असं उत्तर मिळालं तर शांतपणे झिरो एफआयआरचा विषय काढा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात, गुन्हा कुठल्याही हद्दीतला असला तरी नोंदवून घ्यायची तरतूद आहे.

५. पैसे गेले नाहीत, फक्त फोन आला? तरीही सांगा. केंद्र सरकारच्या संचार साथी पोर्टलवर 'चक्षू' नावाची सोय मार्च २०२४ पासून आहे. संशयित नंबर तिथं नोंदवा. तुम्ही वाचलात, पण तोच नंबर संध्याकाळी मुखेडच्या नाहीतर औशाच्या कुणाला तरी लागणार असतो.

दुसरी बाजू: योजनेतच घोटाळा होत असेल तर?

आतापर्यंत बाहेरच्या भामट्याबद्दल बोललो. आता जरा अवघड विषय. ओळखीचा माणूसच आपली कागदपत्रं वापरत असेल तर?

नांदेड जिल्ह्यातलं हदगाव तालुक्याचं प्रकरण तुम्ही २०२४ साली पेपरात वाचलं असेल. लाडकी बहीण योजना नुकतीच सुरू झाली होती, महिन्याला १,५०० रुपये. तिथल्या एका सीएससी केंद्र चालकानं गावातल्या पुरुषांकडून आधार कार्ड आणि पासबुक घेतलं आणि त्यांची खाती लाडक्या बहिणींच्या अर्जांना जोडल्याचं उघड झालं. पैसे पुरुषांच्या खात्यावर आले. पुरुषांना वाटलं, दुसऱ्याच कुठल्या योजनेचे आलेत.

पुढं जुलै २०२५ मध्ये महिला व बालविकास मंत्री आदिती तटकरे यांनी सांगितलं की, राज्यभरात सुमारे २६ लाख ३४ हजार लाभार्थ्यांचा लाभ जून २०२५ पासून थांबवला आहे. त्यात एकापेक्षा जास्त योजनांचा लाभ घेणारे होते, एका कुटुंबात दोनपेक्षा जास्त लाभार्थी होते आणि काही ठिकाणी चक्क पुरुषांनी अर्ज केले होते.

एक रुपयात पीक विमा तर आपल्या मराठवाड्यातल्या सगळ्यांना आठवतोय. २०२३ च्या खरिपात सुरू झाला. दुसऱ्याच्या आणि सरकारी जमिनीवर बोगस अर्ज भरले गेले आणि २०२५ च्या खरिपापासून ती सवलतच बंद झाली. बोगस अर्ज भरणारे थोडे होते, पण आता हप्ता भरतोय तो प्रत्येक प्रामाणिक शेतकरी.

हे तुम्हाला का सांगतोय? कारण आपल्यातले बरेच जण झेरॉक्सचं दुकान किंवा ऑनलाइन सेवा केंद्र टाकायचा विचार करतायत. धंदा चांगला आहे. पण गिऱ्हाईक तुमच्याकडे कागद ठेवून जातं ते विश्वासानं. तो विश्वास एकदा मोडला की दुकानही जातं आणि गुन्हाही दाखल होतो.

आणि एक धोका नवउद्योजकांना थेट आहे. "तुझ्या नावावर उद्यम सर्टिफिकेट काढू, करंट खातं उघडू, महिन्याला दहा हजार भाडं देतो." ऐकायला किती सोपं वाटतं! पण त्या खात्यातून जातो फसवणुकीचा पैसा. पोलीस आधी येतात ते ज्याच्या नावावर खातं आहे त्याच्या दारात, भाडं देणारा तर सापडतही नाही. आपलं खातं, सिम, आधार कुणाला भाड्यानं काय, उसनंही देऊ नका.

आपल्या नावावर काही चाललंय का? असं तपासा

- आधारच्या अधिकृत साइटवर गेल्या सहा महिन्यांत तुमचं आधार कुठं कुठं वापरलं गेलं ते दिसतं. मदतीसाठी १९४७.
- बायोमेट्रिक लॉक करून ठेवा. गरज पडेल तेव्हाच उघडा.
- झेरॉक्स देताना त्यावर पेनानं कारण आणि तारीख लिहा: 'फक्त अमुक कामासाठी'.
- पासबुकात अनोळखी रक्कम आली तर खूश होऊ नका. बँकेत जाऊन कशाची आहे ते विचारा.

तक्रार कुठं करायची?

योजनेत घोटाळा दिसला तर ज्या विभागाची योजना आहे त्याच्या तालुका कार्यालयात आणि तहसीलदारांकडे लेखी अर्ज द्या. 'आपले सरकार' पोर्टलवर तक्रार टाकता येते. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो, त्यासाठी अर्ज आधी द्यावा लागतो. प्रत्येक वेळी पोच घ्या.

फाईल पुढं सरकवायला कर्मचारी पैसे मागत असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा नंबर आहे. लाच देण्याआधीच फोन करा. नाइलाजानं द्यावीच लागली असेल, तरी सात दिवसांत तक्रार केली तर देणाऱ्याला कायद्यात संरक्षण आहे. २०१८ च्या दुरुस्तीपासून लाच देणंही गुन्हा आहे, त्यामुळे गप्प बसण्यात धोका जास्त.

मला माहितेय, तुम्ही काय म्हणणार. "सर, गावात राहायचंय, वैर कशाला घ्यायचं?" खरं आहे. म्हणून तक्रारीत जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहा, ऐकीव काही नको. शक्य असेल तर चार-पाच जणांनी मिळून सह्या करा. बचत गटाच्या नावानं गेलेला अर्ज एकट्याच्या अर्जापेक्षा वजनदार असतो आणि एकट्यावर रोषही येत नाही.

त्या ताईंचं पुढं काय झालं?

त्यांनी त्या रात्री घरी सगळं सांगितलं. थोडी बोलणी बसली. मग दुसऱ्याच आठवड्यात नवरा स्वतः त्यांच्यासोबत बँकेच्या शाखेत गेला. कोटेशन दिलं, उद्यम नोंदणी मोफत केली, शाखेतल्या अधिकाऱ्यानं घरी येऊन जागा पाहिली. तीन लाख नाही मिळाले. ८० हजारांचं कर्ज मिळालं, पण ते खरं होतं. छोटं मशीन आलं.

आता त्यांच्या बचत गटात कुणालाही असा फोन आला की बायका आधी त्यांना विचारतात. ताई एवढंच सांगतात, "अगं, जो देणार हाय, तो आधी मागतो कशाला?"

आज हा लेख वाचून झाला की एक काम करा. १९३० हा नंबर मोबाईलमध्ये सेव्ह करा. आईच्या, बायकोच्या, नवऱ्याच्या, दुकानातल्या पोराच्या मोबाईलमध्येही करा. आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवा, "फसलात तर आधी मला सांगा, मी रागावणार नाही."