कंत्राटदाराला दराआधी पाण्याचे विचारा

अकोला (प्रतिनिधी) : घराची डागडुजी किंवा वरच्या मजल्याचे काम काढायचे ठरले, की पहिली चौकशी होते ती चौरस फुटाच्या दराची. वऱ्हाडात मात्र कंत्राटदाराची पारख करताना त्याआधी एक प्रश्न विचारणे अगत्याचे आहे. बांधकामाला पाणी कोणते वापरणार?

अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा पसरलेला आहे. दर्यापूर, अकोट, तेल्हारा या भागांतील भूजलाचा खारेपणा सर्वांनाच ठाऊक आहे. हे पाणी काँक्रीटलाही घातक ठरते. त्यातील क्लोराइडमुळे आतील सळई गंजते, गंजलेली सळई फुगते आणि काही वर्षांतच स्लॅबच्या खालून पोपडे सुटू लागतात. 'आयएस ४५६ : २०००' या भारतीय मानकानुसार, सळई असलेल्या काँक्रीटच्या पाण्यात क्लोराइडचे प्रमाण लिटरमागे ५०० मिलिग्रॅमहून अधिक नसावे. अमरावतीला अप्पर वर्धा आणि अकोल्याला काटेपूर्णा धरणाचे पाणी मिळत असले, तरी बांधकामासाठी अनेकदा बोअर किंवा टँकरचाच आधार घेतला जातो. टँकर कोठे भरला जातो हे ज्याला सांगता येत नाही, त्याचा दर कितीही कमी असला तरी तो महागच पडतो. शंका असल्यास पाण्याचा नमुना प्रयोगशाळेतून तपासून घ्यावा.

दुसरा मुद्दा पाणी मारण्याचा. उष्ण व कोरड्या हवामानात काँक्रीट किमान दहा दिवस ओले ठेवावे, असे हेच मानक सांगते. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो, तेव्हा सकाळी एकदा बादली ओतून भागत नाही. हे काम कोणाच्या माथी, हे आधीच ठरलेले बरे; अन्यथा घरमालक मजुरांकडे आणि मजूर घरमालकाकडे बोट दाखवतात!

कंत्राटदाराने केलेली जुनी कामे अवश्य पाहावीत. पण नुकताच रंग दिलेले घर पाहून काही उमगत नाही. तीन-चार पावसाळे काढलेले घर दाखवा, असे म्हणावे. येथील काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया उथळ राहिला असल्यास दारे-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा निघतात. जुन्या भिंतीला लागून नवी खोली काढली असेल, तर तो सांधा निरखून पाहावा. त्या घरच्या मंडळींशी कंत्राटदाराच्या अनुपस्थितीत बोलणे श्रेयस्कर.

काम उक्ते देणार की केवळ मजुरीवर, सिमेंट-सळई कोणत्या प्रतीची, मुदत किती, हे सारे लिहून घ्यावे. रक्कम टप्प्याटप्प्याने, शक्यतो बँकेमार्फत द्यावी आणि शेवटचा काही हिस्सा एक पावसाळा निघेपर्यंत राखून ठेवण्याची अट करारातच घालावी. ओळखीतल्या माणसाकडून कागद कसा मागायचा, हा संकोच आपल्याकडे फार.

वाद झाल्यास महारेराकडे जाता येईल, असा अनेकांचा समज असतो. तो कायदा विक्रीसाठीच्या प्रकल्पांसाठी आहे. स्वतःच्या घराच्या दुरुस्तीचा खासगी करार त्यात बसत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार मात्र गृहबांधणी ही 'सेवा' असून, वादाचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. दिलेला मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास तक्रारीला शुल्क नाही. मात्र तो मोबदला दिल्याचा पुरावा, म्हणजेच पावत्या, तक्रारदारालाच हजर कराव्या लागतात.