रुपया चमकवायला गेलो, अन्...

गेल्या दिवाळीतली गोष्ट. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी आजीने तिचा पितळी डबा माझ्या हातात ठेवला. "जरा घासून ठेव रे, उद्या पूजेला लागतील." डब्यात पंचम जॉर्जचे दोन चांदीचे रुपये, एक शिवराई आणि माझ्या लहानपणीची अ‍ॅल्युमिनियमची, फुलाच्या आकाराची दहा पैशांची नाणी. आजी म्हणाली, रिठ्याचं पाणी कर. पण आपण पडलो मॉडर्न! रिठे भिजवत कोण बसणार? बाथरूमच्या कोपऱ्यात टॉयलेट क्लीनर होतं, शेजारी कपड्यांचं ब्लीच. एकाने डाग जातो, तर दोघांनी दुप्पट जाईल, असं आपलं सोप्पं लॉजिक. डासांमुळे खिडकी बंद. स्टुलावर बसलो, मगमध्ये १९१८ चा रुपया टाकला आणि दोन्ही बाटल्या ओतल्या.

पुढचं सगळं काही सेकंदांत. फेस, हिरवट-पिवळा धूर आणि स्विमिंग पूलचा वास, पण शंभरपट! घसा कोणीतरी आवळल्यासारखा झाला. डोळे मिटूनच दार चाचपडत बाहेर आलो. आई स्वयंपाकघरातून ओरडली, "काय रे, काय जाळलंस?" मला उत्तर देता येईना. खोकलाच थांबत नव्हता.

तो क्लोरीन होता, मंडळी. बऱ्याच टॉयलेट क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड असतं आणि ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइट. दोघं भेटले की क्लोरीन वायू सुटतो. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममध्ये ईप्रच्या रणांगणावर जर्मन सैन्याने सोडला तोच हा वायू. हवेपेक्षा जड असल्याने तो खाली साठतो, म्हणजे नेमका स्टुलावर बसलेल्या माणसाच्या नाकाशी! ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा लिंबू टाकलं तरी हेच होतं, आणि अमोनिया असलेलं काचेचं क्लीनर टाकलं तर क्लोरामाइन नावाचा दुसरा त्रासदायक वायू.

फॅमिली डॉक्टरांनी तपासलं आणि रात्रभर लक्ष ठेवायला सांगितलं. क्लोरीनचा गंमतीदार नव्हे, तर भयंकर भाग हा की सुरुवातीला बरं वाटतं आणि काही तासांनी फुप्फुसात पाणी साठू शकतं. छातीत जडपणा, धाप, थांबत नसलेला खोकला जाणवला तर सकाळची वाट न बघता सरळ हॉस्पिटल. मी त्या रात्री झोपलोच नाही, पण निभावलं.

दहा पैशांची नाणी मात्र थोडक्यात वाचली. मी नंतर ड्रेनेज मोकळं करायची पावडर वापरून बघणार होतो! त्यातल्या कॉस्टिक सोड्याने अ‍ॅल्युमिनियम उकळल्यासारखं खदखदतं, हायड्रोजन निघतो, जो पेट घेतो, आणि गरम द्रव थेट डोळ्यांत उडू शकतो. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून बाद झाली, पण घराघरांत डबेभर आहेतच.

तेजाबाचा मोह तर ठेवूच नका. नायट्रिक अ‍ॅसिडच्या तपकिरी धुराचाही परिणाम उशिरा दिसतो. अ‍ॅसिडच्या खुल्या विक्रीवर सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये निर्बंध आणले: विक्रेत्याने नोंद ठेवायची, ओळखपत्र बघायचं, अठरा वर्षांखालील कुणाला द्यायचं नाही.

आणि त्या रुपयाचं काय झालं? आधी पांढुरका, निस्तेज. दुसऱ्या दिवशी गॅलरीत उन्हात ठेवला तर जांभळट! चांदीवर क्लोराइडचा थर चढला होता आणि तो प्रकाशात काळपट होतो. जुन्या फोटोग्राफीचं तंत्रच यावर उभं होतं. ११.६६ ग्रॅमचं, ९१.७ टक्के चांदीचं नाणं मी पाच मिनिटांत बिघडवलं.

आपल्या नाशिककरांनी तरी हे करायला नको होतं. त्र्यंबक रोडवर अंजनेरीला नाणेशास्त्राची अख्खी संशोधन संस्था आहे, १९८० मध्ये स्थापन झालेली. आणि जोगलटेंभीला १९०६ मध्ये नहपानाच्या तेरा हजारांहून जास्त चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला, त्यातल्या बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा छाप पुन्हा मारलेला. एका राजाच्या छापाखाली दुसऱ्याचा छाप अर्धवट दिसतो, तेच तर वाचायचं असतं. कुणी ते ब्रशने चकाचक केले असते तर? संग्राहकही घासलेल्या नाण्याला कमीच भाव देतात.

पूजेला बसवायचंच असेल तर कोमट पाणी, थोडा सौम्य साबण, मऊ कापड, आणि टिपून कोरडं करा. जुनी, दुर्मिळ वाटणारी नाणी त्यालाही नको. चुकून दोन बाटल्या मिसळल्याच, तर भांडं ओतायला थांबू नका. श्वास रोखा, बाहेर पडा, घरातल्यांना बाहेर काढा. डोळ्यांत-अंगावर उडालं तर १५-२० मिनिटं वाहत्या पाण्याखाली.

पूजेच्या ताटात एक रुपया काळा होता, एक जांभळा. आजीने दोघांनाही हळदकुंकू वाहिलं. डबा आता तिच्या कपाटात आहे, आणि किल्ली तिच्या कमरेला.