व्यायामकाळातील शरीरसंस्थांचे कार्य आणि विदर्भातील उष्ण हवामान : एक विवेचन

प्रस्तावना

वाशिम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातील कामरगाव आणि परिसरासारख्या ग्रामीण भागातील अनेक विद्यार्थ्यांच्या दृष्टीने धावणे हा केवळ छंद नसून उपजीविकेचा मार्ग आहे. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीच्या शारीरिक चाचणीत पुरुष उमेदवारांना १६०० मीटर व महिला उमेदवारांना ८०० मीटर धावावे लागते. सैन्यभरतीतही १.६ किलोमीटरची धाव असते. पश्चिम विदर्भाला व्यायामाची जुनी परंपरा आहे. अमरावती येथे १९१४ मध्ये स्थापन झालेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके सादर केली होती. मात्र याच प्रदेशाचा उन्हाळा व्यायाम करणाऱ्याची कठोर परीक्षा पाहतो. जून २०१४ मध्ये मुंबईतील पोलीस भरतीच्या वेळी ५ किलोमीटरच्या धावचाचणीत काही उमेदवारांना प्राण गमवावे लागले, ही घटना विसरता येण्यासारखी नाही. या पार्श्वभूमीवर व्यायामकाळात शरीराच्या विविध संस्था परस्परांशी कसा मेळ साधतात आणि उष्ण हवामानात हा मेळ कोठे बिघडतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

स्नायूसंस्था व ऊर्जानिर्मिती

स्नायूंच्या आकुंचनासाठी लागणारी ऊर्जा ए.टी.पी. या संयुगापासून मिळते. स्नायूंतील त्याचा साठा अत्यल्प असल्यामुळे त्याची सतत पुनर्निर्मिती व्हावी लागते. पहिल्या सुमारे १० सेकंदांत क्रिएटिन फॉस्फेट हे कार्य करते. त्यानंतर प्राणवायूविना होणाऱ्या ग्लायकोजेनच्या विघटनाचा वाटा वाढतो, तर काही मिनिटे चालणाऱ्या श्रमात प्राणवायूच्या साहाय्याने होणारी ऊर्जानिर्मिती प्रमुख ठरते. या तिन्ही प्रक्रिया एकाच वेळी चालू असतात, केवळ त्यांचे प्रमाण बदलते. १६०० मीटरच्या धावेत सर्वाधिक भार तिसऱ्या प्रक्रियेवर असतो. म्हणून केवळ वेगाचा सराव पुरेसा नसून दमश्वास वाढविणारा नियमित सराव आवश्यक ठरतो.

येथे एक बाब विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. मुक्त झालेल्या ऊर्जेपैकी साधारणतः २० ते २५ टक्के ऊर्जाच प्रत्यक्ष हालचालीसाठी उपयोगी पडते, उर्वरित ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर होते. अर्थात, धावणारा मनुष्य स्वतःच उष्णतेचा मोठा उगम असतो.

श्वसन, रक्ताभिसरण व मज्जासंस्था

धाव सुरू होण्यापूर्वीच मज्जासंस्था व अॅड्रिनॅलिन यांच्या प्रभावाने हृदयाचे ठोके वाढू लागतात. विश्रांतीच्या अवस्थेत दर मिनिटाला ६ ते ८ लिटर हवा फुप्फुसांत घेतली जाते, तीव्र व्यायामात हे प्रमाण १०० लिटरपेक्षा अधिक होऊ शकते. विश्रांतीत हृदय दर मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त पुढे ढकलते, तर निरोगी तरुणाचे हृदय तीव्र श्रमात २० लिटर किंवा त्याहून अधिक रक्त ढकलू शकते. या रक्ताची वाटणीही बदलते. एरवी स्नायूंकडे १५ ते २० टक्के रक्त जाते, तीव्र व्यायामात हा वाटा ८० टक्क्यांपर्यंत पोहोचतो. त्याच वेळी जठर, आतडी व मूत्रपिंडे यांचा रक्तपुरवठा आक्रसतो. भरल्या पोटी धावल्यास मळमळ होण्याचे हे एक कारण होय.

तापमान नियंत्रण : हृदयावरील दुहेरी भार

मेंदूतील हायपोथॅलॅमस शरीराचे आंतरिक तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास राखतो. तापमान वाढू लागताच त्वचेकडील रक्तप्रवाह वाढतो व घाम येतो. थंड हवेत त्वचेतील उष्णता सहजपणे बाहेर पडते. परंतु हवेचे तापमान त्वचेच्या तापमानापेक्षा, म्हणजे सुमारे ३५ अंशांपेक्षा अधिक झाल्यास उलट बाहेरील उष्णताच शरीरात शिरू लागते. अशा वेळी घामाचे बाष्पीभवन हाच एक मार्ग उरतो. एक लिटर घामाचे पूर्ण बाष्पीभवन झाल्यास सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. निथळून जमिनीवर पडणारा घाम मात्र शरीर थंड करीत नाही.

विदर्भातील मे महिन्याची कोरडी हवा घाम चटकन वाळविते. त्यामुळे किती पाणी गमावले, याची जाणीव धावपटूस होत नाही. जूनमध्ये पावसापूर्वी दमटपणा वाढला की घाम येतो, पण वाळत नाही. पहिल्या स्थितीत निर्जलीकरणाचा, तर दुसऱ्या स्थितीत उष्णता साचण्याचा धोका अधिक असतो.

हृदयाला आता स्नायू आणि त्वचा या दोघांचीही मागणी एकाच वेळी पुरवावी लागते. घामामुळे रक्तातील द्रवभाग घटतो, हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते आणि प्रत्येक ठोक्यागणिक बाहेर पडणाऱ्या रक्ताचे प्रमाणही घटते. परिणामी, वेग तोच असूनही ठोके वाढत राहतात. मूत्रपिंडे संप्रेरकांच्या साहाय्याने पाणी व क्षार राखून ठेवतात, परंतु गमावलेल्या पाण्याची भरपाई त्यांना करता येत नाही. आंतरिक तापमान ४० अंशांपलीकडे जाऊन मेंदूच्या कार्यात बिघाड झाल्यास ती उष्माघाताची अवस्था होय.

महाविद्यालयीन स्तरावरील उपाययोजना

शरीर उष्णतेशी जुळवून घेऊ शकते, ही समाधानाची बाब आहे. क्रमाक्रमाने वाढविलेल्या ७ ते १४ दिवसांच्या सरावाने रक्तातील द्रवभाग वाढतो, घाम लवकर येऊ लागतो व त्यातील क्षार कमी होतात. सराव खंडित झाल्यास काही आठवड्यांत हा लाभ नाहीसा होतो. म्हणून परीक्षेनंतर थेट मे महिन्यात पूर्ण वेगाने धावण्यास प्रारंभ करणे धोक्याचे ठरते.

शारीरिक शिक्षण विभागाने सराव पहाटे ठेवावा, ताप वा जुलाब असलेल्या विद्यार्थ्यास धावू देऊ नये आणि पाण्यासोबत क्षारही मिळावेत यासाठी मीठ घातलेले ताक, लिंबू सरबत किंवा ओ.आर.एस. उपलब्ध ठेवावे. धावताना विद्यार्थी असंबद्ध बोलू लागला, अडखळला किंवा कोसळला तर उष्माघाताची शंका घ्यावी. घाम येत आहे म्हणून उष्माघात नाही, असे समजू नये. त्यास सावलीत नेऊन तत्काळ थंड पाण्यात बसवावे, ते शक्य नसल्यास अंगावर सतत पाणी ओतून वारा घालावा. त्याच वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध हरपलेल्या व्यक्तीस पाणी पाजू नये. रुग्णवाहिकेची वाट पाहताना वाया गेलेली मिनिटे प्राणघातक ठरू शकतात.

समारोप

व्यायामकाळात कोणतीही शरीरसंस्था स्वतंत्रपणे कार्य करीत नाही. स्नायूंची मागणी फुप्फुसे व हृदय पुरवितात, त्वचा उष्णता बाहेर टाकते, मूत्रपिंडे पाणी राखतात आणि मज्जासंस्था या सर्वांचे संयोजन करते. या साखळीतील दुवा तुटण्यापूर्वी शरीर सूचना देते. भरतीच्या ओढीने विद्यार्थी त्या सूचनांकडे दुर्लक्ष करण्याची शक्यता अधिक असते, म्हणूनच त्या ओळखण्याची जबाबदारी प्राध्यापकांवर येते. हे ज्ञान केवळ शारीरिक शिक्षण विभागापुरते मर्यादित न राहता क्रीडा स्पर्धा व राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे यांचे नियोजन करणाऱ्या प्रत्येक प्राध्यापकापर्यंत पोहोचणे अगत्याचे आहे.