चार महिन्यांची दलदल

फलटणहून एका वाचकांनी पत्र पाठवलं आहे. त्यांचा मुलगा बेल्जियममध्ये असतो. सुट्टीच्या दिवशी तो ‘हाय फेन्स’ नावाच्या पठारावर चालायला जातो आणि घरी फोटो पाठवतो. फोटोंत धुकं, तपकिरी पाण्याची डबकी, कडेला स्प्रूसचं रान आणि मधून गेलेली लाकडी फळ्यांची पायवाट. वाचक विचारतात, ‘आपल्या सह्याद्रीवर त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त पाऊस कोसळतो. मग पीटची दलदल त्यांच्याकडे कशी आणि आपल्याकडे का नाही?’

हा प्रश्न फलटणहून यावा, हे मला फार आवडलं. वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पावसावर भागवणारा हा तालुका, आणि त्याच सातारा जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला पाच हजारांचा आकडा सहज ओलांडणारं महाबळेश्वर. पाऊस कुठे पडतो आणि कधी पडतो यानं काय फरक पडतो, हे फलटणकरांना शिकवायची गरज नाही. उत्तराचा अर्धा भाग त्या ‘कधी’मध्येच आहे.

शाळेत कोळशाचे प्रकार पाठ करताना पहिलं नाव यायचं ते पीटचं. शेवाळ, गवत, मुळं मरतात. पण बारा महिने पाणी वर उभं असल्यानं प्राणवायू पोचत नाही, थंडीनं जिवाणू सुस्तावतात आणि कुजण्याचं काम अर्धवट राहतं. वर्षाला एखादा मिलिमीटर, या चालीनं थर चढत जातो. जगाच्या जमिनीपैकी जेमतेम ३ टक्के भागावर पीट आहे, पण त्यात साठलेला कार्बन जगातल्या सगळ्या जंगलांच्या झाडोऱ्यात मिळून असतो त्याहून जास्त आहे. कासच्या पठारावरही पावसाळ्यात पाणी असंच उभं राहतं. पण दिवाळी होते न होते तोच ते आटू लागतं आणि एप्रिलमध्ये त्याच जागी पाय भाजणारा कातळ उरतो. चार महिन्यांत जे उगवलं, ते उरलेल्या आठ महिन्यांत वाळून, कुजून हवेत जातं. भारतात पीट बघायचं तर निलगिरीच्या उंचावरच्या दऱ्यांत बघता येतं. तिथल्या थरांतल्या कार्बनच्या समस्थानिकांवरून रामन सुकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेल्या वीस हजार वर्षांतला हवामानाचा इतिहास वाचला आणि १९९३ साली ‘नेचर’मध्ये मांडला.

तरीही माझं म्हणणं असं, की आपल्याकडे दलदल आहे. ती चार महिन्यांची आहे इतकंच. ‘फुलांचा गालिचा’ म्हणून ज्याच्यासमोर आपण सेल्फी काढतो, ते खरं तर उपाशी जमिनीवरचं एक विलक्षण जगणं आहे.

कास साताऱ्याच्या पश्चिमेला पंचवीसेक किलोमीटरवर, सुमारे १२०० मीटर उंचीवर. २०१२ साली पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं जागतिक वारसा यादीत गेली. महाराष्ट्रातली त्यांपैकी चार, कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. तेव्हापासून दर सप्टेंबरला बातम्या येतात आणि प्रत्येक बातमीत ८५० जातींच्या फुलझाडांचा आकडा असतो. एवढ्या जाती अशा खडकावर का, हे मात्र क्वचितच कुणी सांगतं.

पठाराचा माथा जांभ्याचा आहे. खाली बेसॉल्ट, वर त्याचाच झिजून झालेला जांभा. या खडकाला ‘लॅटराइट’ हे नाव दिलं फ्रान्सिस बुकानन या डॉक्टरनं, १८०७ साली छापलेल्या प्रवासवृत्तात. मलबारात अंगडिपुरम इथे त्यानं पाहिलं, की लोक मऊ दगड सुरीनं चिरतात आणि तो उघड्यावर राहिला की विटेसारखा टणक होतो. कोकणातल्या कुठल्याही गवंड्यानं त्याला हे आनंदानं सांगितलं असतं. असो. लाखो वर्षांच्या पावसानं बेसॉल्टमधली सिलिका आणि विरघळणारे क्षार धुऊन नेले आणि लोह नि ॲल्युमिनियम तेवढं मागे राहिलं. म्हणून रंग लाल आणि म्हणूनच कस नाही. वर मातीचा थर कुठे बोटभर, कुठे वीतभर. पावसाळ्यात ही माती चिंब असते, आम्ल असते आणि तिच्यात नत्र नावापुरतं असतं. मोठी झाडं इथे रुजत नाहीत. जांभूळ, अंजनी, पिसा, हिरडा ही मंडळी पठाराच्या कडेला, माती जमते त्या उतारांवर दाट रान करून राहतात. मोकळ्या माथ्यावर बुटक्या, तीन महिन्यांत जन्म-फूल-बी उरकणाऱ्या वनस्पतींचं राज्य.

चिंब, आम्ल आणि नत्राविना: युरोपातल्या पीट दलदलीचंही वर्णन नेमकं हेच. म्हणून दोन्हीकडे एकाच प्रकारची भुकेली मंडळी भेटतात. तिकडे ड्रॉसेरा, इकडेही ड्रॉसेरा, म्हणजे आपला दवबिंदू. पानांवरच्या चिकट थेंबांत किडा अडकला की पानावरचे केस त्याच्यावर झुकतात आणि त्याच्या देहातलं नत्र शोषलं जातं. ड्रॉसेरानं चार्ल्स डार्विनला असं वेड लावलं होतं, की ‘ओरिजिन’ छापून वर्ष झालं होतं तेव्हा, १८६० साली, त्यानं आपला भूवैज्ञानिक मित्र लायल याला कळवलं: जगातल्या सगळ्या जातींच्या उगमापेक्षा मला सध्या या रोपट्याचं जास्त पडलं आहे.

पण कासवर मला खरी भुरळ घालते ती सीतेची आसवं. शास्त्रीय नाव युट्रिक्युलॅरिया. निळ्या-जांभळ्या फुलांचं हे रोप इतकं नाजूक, की एकेकटं दिसतच नाही. हजारोंनी फुललं की पठार जांभळं होतं. त्याला मुळं नसतात. ओल्या मातीत त्याचे धागे पसरतात आणि त्यांवर जेमतेम मिलिमीटरभर आकाराच्या पिशव्या असतात. या पिशव्या शिकार करतात.

कशी करतात हे डार्विनला सुटलं नव्हतं. त्याला वाटायचं, की सूक्ष्म प्राणी स्वतःच डोकं पाचरीसारखं घुसवून आत शिरतात. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या व्हाइनलँड गावी मेरी ट्रीट नावाची बाई राहायची. विद्यापीठ नाही, हुद्दा नाही, नवऱ्यापासून वेगळी झालेली, मासिकांत लेख लिहून पोट भरणारी. ती तासन्‌तास सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली आणि तिनं पाहिलं, की डासाची अळी झडपेजवळच्या केसांना लागते न लागते तोच आत ओढली जाते. तिनं डार्विनला तसं लिहिलं. जून १८७५ मध्ये त्याचं उत्तर आलं: पाचरीची माझी कल्पना साफ चुकलेली दिसते. पुढच्याच महिन्यात कीटकभक्षी वनस्पतींवरचं त्याचं पुस्तक निघालं. आज कुणालाही विचारा, कीटकभक्षी वनस्पती म्हटलं की डार्विन आठवतो. ट्रीटबाईंचं नाव विचारलं तर वनस्पतिशास्त्राचे पदवीधरही गोंधळतात.

ती ओढ येते कुठून, हे विसाव्या शतकात कळलं. शाईच्या पेनांच्या जमान्यातल्यांना ड्रॉपर आठवेल. रबराचा फुगा दाबायचा, टोक दौतीत बुडवायचं आणि बोट सोडायचं. फुगा पूर्ववत होतो आणि शाई सुर्र्कन वर चढते. इथे फरक इतकाच, की पिशवी स्वतःच स्वतःला दाबते. तिच्या भिंतीतल्या ग्रंथी आतलं पाणी सतत बाहेर टाकतात, भिंती आत खचतात, दार मात्र घट्ट बंद राहतं. केसाला धक्का लागला की दार आत उघडतं, भिंती उसळून जागेवर येतात आणि पाण्यासकट सावज आत. फ्रान्समधल्या संशोधकांनी २०११ साली अतिवेगवान कॅमेऱ्यानं हे टिपलं. सगळा खेळ एका मिलिसेकंदाच्या आत संपतो आणि आत खेचल्या जाणाऱ्या पाण्याचा प्रवेग गुरुत्वप्रवेगाच्या सहाशे पटींपर्यंत जातो. ज्या पायवाटेवर आपण भुईमुगाच्या शेंगा खात उभे असतो, तिच्या कडेच्या मातीत हे चालू असतं.



पीट नाही म्हणून कासला स्मृती नाही, असं मात्र नाही. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या आणि तिरुवनंतपुरमच्या राष्ट्रीय पृथ्वीविज्ञान अभ्यास केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी इथल्या एका हंगामी तळ्याच्या तळाचा गाळ तपासला. त्यातल्या परागकणांनी आणि डायटम या काचकवची शैवालांनी साडेआठ हजारांहून अधिक वर्षांचा मान्सून सांगितला: सुमारे ८६०० वर्षांपूर्वी पाऊस हटला, मध्ये ओल्या काळाच्या काही उसळ्या आल्या, पावणेतीन हजार वर्षांपूर्वी मान्सून पुन्हा मंदावला. ज्यांच्या नावानं ती पुण्याची संस्था आहे, त्या शंकर पुरुषोत्तम आघारकरांनाही हे आवडलं असतं. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात असताना, १९११ च्या सुमारास, त्यांनी याच सातारा जिल्ह्यातल्या नद्यांत गोड्या पाण्यातला जेलीफिश शोधला होता. तोवर त्या वंशाचे जेलीफिश फक्त आफ्रिकेत माहीत होते. मालवणात जन्मलेला माणूस समुद्रातले जेलीफिश सोडून घाटावरच्या नदीत वाकून बघतो, याला काय म्हणावं!

आता वाटेचं. बेल्जियमसारख्या लाकडी फळ्या कासवरही घाला, अशी सूचना अधूनमधून होते. माझं मत विरुद्ध आहे. पीटवर पाय रुततो, म्हणून तिथे फळ्यांना पर्याय नाही. कासवर कातळ उघडाच आहे आणि कुमुदिनी तळ्याकडे जाणारा जुना राजमार्गही तयार आहे. माती टाळून कातळावरून किंवा मळलेल्या वाटेनं चालायचं, एवढं पुरे. बोटभर मातीत पुढच्या वर्षाचं सगळं बी असतं. हजार बुटांनी ती घट्ट झाली की तिथे पाणी मुरत नाही आणि काही उगवतही नाही. दुसरं, फोटोसाठी दगडांवर दगड रचू नका. शेजारच्या चाळकेवाडीच्या पठारावर, सुट्या दगडांच्या आडोशाला राहणारी ‘हेमिडॅक्टिलस साताराएन्सिस’ ही पाल २००८ साली शास्त्राला नव्यानं कळली. आपण उचलतो तो दगड तिचं घर असू शकतं.

गर्दी आवरायला वन खात्यानं दिवसाला तीन हजार पर्यटकांची मर्यादा घातली, ती योग्यच. तारेच्या कुंपणाचं प्रकरण मात्र गुंतागुंतीचं झालं. कुंपणानं माणसांबरोबर गुरंही बाहेर राहिली. मग स्थानिक म्हणू लागले, की चराई थांबल्यानं गवत माजलं आणि फुलं घटली. ओरड वाढल्यावर कुंपण काढण्यात आलं. या डोंगरांत गवळी धनगरांच्या म्हशी पिढ्यान्‌पिढ्या चरत आल्या आहेत. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी १९८२ मध्ये या समाजाच्या परिसराशी असलेल्या नात्यावर लिहिलं होतं. म्हैस उंच गवत खाते तेव्हा दवबिंदूसारख्या बुटक्यांना ऊन मिळतं, हे खरंच. पण म्हैस शेणही टाकते, आणि शेणातलं नत्र म्हणजे ज्याच्या टंचाईवर हे सगळं उभं आहे, तीच वस्तू. हंगामी तळ्याच्या त्या गाळात गेल्या हजारेक वर्षांच्या थरांत प्रदूषण सोसणारे डायटम वाढलेले दिसले. शास्त्रज्ञांच्या मते त्यामागे माणूस आणि गुरं असावीत.

म्हणजे दोन्ही बाजूंच्या हातात अर्धं सत्य आहे. उरलेलं अर्धं सभेत हात वर करून ठरत नाही. त्यासाठी पठारावर शेजारीशेजारी तुकडे आखावेत: एकात चराई, एकात नाही, एकात फक्त गवतकापणी, आणि निदान दहा पावसाळे दर सप्टेंबरात रोपं मोजावीत. खर्च फारसा नाही. दोरी, खुंट्या, वह्या आणि गुडघ्यांवर बसून मोजायची तयारी असलेली साताऱ्या-फलटणच्या कॉलेजांतली मुलं.