पंधरवड्याची यादी आणि एक्सेलचे एरर

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा आधार थांबवला आणि त्याच दिवशी ऑफिस २०१६ व २०१९ यांचाही. सातारा-सांगलीकडच्या साखर कारखान्यांत, पतसंस्थांत आणि दूध संघांत व्हिज्युअल बेसिक ६ किंवा फॉक्सप्रोत लिहिलेली जी कामे अजून चालू आहेत, त्यांच्यासाठी ही तारीख नवा संगणक घेण्याची ठरली. जुना प्रोग्रॅम नव्या संगणकावर टाकला की तो उघडतो, नोंदी दाखवतो, पावतीही छापतो. अडतो तो यादी एक्सेलमध्ये पाठवताना. वीस वर्षांपूर्वीचे एरर पुन्हा पडद्यावर येतात. ते वाचता येणारी माणसे मात्र एव्हाना पुण्याला गेलेली किंवा निवृत्त झालेली असतात.

मुळात असा प्रोग्रॅम स्वतः शीट तयार करत नाही. तो विंडोजकडे एक्सेल मागतो आणि पडद्याआड सुरू झालेल्या त्या एक्सेलला एकेक हुकूम देत जातो : वर्कबुक उघड, या सेलमध्ये ही रक्कम लिही, बेरीज घे, फाइल सेव्ह कर. म्हणजे दोन स्वतंत्र प्रोग्रॅम आणि त्यांच्यात चाललेली निरोपांची देवाणघेवाण. बहुतेक बिघाड त्या निरोपातच असतो.

डॉसच्या काळाबद्दल इथे फार सांगण्यासारखे नाही. फॉक्सप्रोतून १३२ कॉलमांचा कागद डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर निघाला की काम संपे. १९९३ मध्ये एक्सेल ५ सोबत व्हीबीए, म्हणजे एक्सेलला हुकूम देण्याची भाषा, आले, १९९८ मध्ये व्हिज्युअल बेसिक ६ आले, आणि त्यानंतरचे दशक या कामाचे खरे दशक ठरले. त्याच १९९८ साली कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील ७० गावांसाठी वारणेचा ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला आणि उसाची माहिती संगणकावर गावातच मिळू शकते, हे लोकांनी पाहिले. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ प्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात, त्यामुळे हंगामात दर पंधरवड्याला बिलांची यादी करावी लागते. ती बँकेला द्यायची, संचालकांपुढे ठेवायची, ऑडिटला दाखवायची. कागदापेक्षा एक्सेलची फाइल सोयीची, म्हणून ‘एक्सेलमध्ये द्या’ ही मागणी सगळीकडून येऊ लागली.

पहिला एरर ४२९. प्रोग्रॅमने एक्सेल मागितले आणि विंडोजला ते देता आले नाही. एक्सेल बसवलेलेच नाही, अर्धवट काढून टाकले आहे, किंवा रजिस्ट्रीतली त्याची नोंद बिघडली आहे, एवढीच कारणे असत. ऑफिस पुन्हा बसवले की बहुधा भागत असे. एक्सेल २००३ ची लायब्ररी जोडून बनवलेला प्रोग्रॅम एक्सेल २००० असलेल्या संगणकावर अडखळे. त्यावर जाणकारांनी लायब्ररी आधी न जोडता चालतेवेळी एक्सेल मागण्याची पद्धत धरली, आणि तीच टिकली.

४६२ अधिक त्रासाचा होता. बटण पहिल्यांदा दाबले की यादी नीट निघे, दुसऱ्यांदा दाबले की एरर; प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडला की पुन्हा एकदा नीट. कारण एका ओळीत असे. ‘रेंज’ किंवा ‘सेल्स’ हा शब्द कोणत्या शीटचा ते न सांगता लिहिला, की व्हिज्युअल बेसिक गुपचूप स्वतःची एक जोडणी पहिल्या एक्सेलशी बांधून ठेवते. मग एक्सेलला बंद हो म्हटले तरी ते खऱ्या अर्थाने बंद होत नाही. टास्क मॅनेजर उघडला की एकही शीट समोर नसताना एक्सेलची नावे एकाखाली एक दिसत, आणि १२८ एमबी मेमरीचा संगणक संध्याकाळपर्यंत रखडू लागे. प्रत्येक ओळीत शीटचा पूर्ण पत्ता लिहिणे आणि शेवटी सगळ्या जोडण्या सोडणे, हा त्यावरचा उपाय. तसाच दुसरा प्रकार न दिसणाऱ्या प्रश्नाचा. त्याच नावाची फाइल आधीच असली की एक्सेल ‘बदलू का?’ असे विचारते. खिडकीच लपलेली असल्याने उत्तर कोणी देत नाही आणि प्रोग्रॅम ताटकळतो.

हे सगळे एरर निदान बोलत होते. खरे नुकसान मुक्या चुकांनी केले, आणि त्यांत तारखेची चूक सर्वांत वाईट. ५ नोव्हेंबरची खेप ०५/११ अशा मजकुराच्या रूपात एक्सेलला दिली, की विंडोजमध्ये भारतीय पद्धत निवडलेली असूनही या मार्गाने आलेली तारीख अमेरिकी क्रमाने वाचली जाई आणि शीटमध्ये ११ मे उमटे. १३ तारखेपासून पुढे मात्र तो आकडा महिना होऊ शकत नसल्याने तारीख बरोबर येई किंवा नुसता मजकूर म्हणून पडून राही. म्हणजे पहिल्या पंधरवड्याची यादी बिघडलेली, दुसऱ्याची बरीचशी शाबूत. आणि तपासणारा नेमकी महिनाअखेरची पाने उघडे. तारीख मजकूर म्हणून न देता तारीख म्हणूनच द्यावी आणि ती कशी दिसावी ते सेलच्या फॉरमॅटमध्ये ठरवावे, एवढे केले की हा प्रश्न मिटतो. डॉटनेट आल्यावर याच मुळाचा एक वेगळा एरर दिसू लागला : विंडोज भारतीय इंग्रजीवर आणि एक्सेल अमेरिकी इंग्रजीचे असले की ‘ओल्ड फॉरमॅट ऑर इनव्हॅलिड टाइप लायब्ररी’. त्या संदेशावरून कारण कोणालाही ओळखता येणार नाही.

शेतकऱ्यांची नावेही अशीच बिघडत. व्हिज्युअल बेसिक ६ चे फॉर्म युनिकोड देवनागरी दाखवू शकत नाहीत. नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची ओळ येते. म्हणून नावे श्रीलिपी किंवा आयएसएमच्या जुन्या फॉन्टमध्ये साठवली जात. एक्सेलमध्ये ती पाठवताना त्या कॉलमचा फॉन्ट लावला नाही, किंवा बँकेच्या संगणकावर तो फॉन्ट नसला, की अख्खे गाव अगम्य खुणांत जाई.

या दशकाचा सर्वांत मोठा दोष मात्र माणसांनी हाताने लिहिला : ‘ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट’. एरर आला तर तो सोडून पुढच्या ओळीवर जा, असा हा हुकूम. ग्राहकासमोर चौकट येऊ नये, फोन येऊ नये, म्हणून तो सर्रास प्रत्येक कामाच्या माथ्यावर चिकटवला गेला. एखाद्या खेपेचे वजन नोंदवायचे राहिले असेल, तर ती रिकामी नोंद वाचताना ९४ हा एरर येतो. तो गिळला की व्हेरिएबलमध्ये आधीच्या शेतकऱ्याचेच वजन राहते आणि तेच पुढच्याच्या नावावर लिहिले जाते. शीट सुबक, बेरीजही जुळते, कारण ती त्याच चुकीच्या आकड्यांची असते. शेतकऱ्याच्या घामाच्या हिशोबात अशी ओळ ठेवणे अक्षम्य होते, आणि आजही आहे.

आकाराच्या मर्यादा त्यामानाने प्रामाणिक. एका हंगामात पाच लाख टन गाळप आणि खेपेला सरासरी १० टन धरले तर ५०,००० पावत्या होतात. ओळी मोजणारे व्हेरिएबल ‘इंटिजर’ असले तर ३२,७६७ च्या पुढे ओव्हरफ्लो ठरलेला. आणि एक्सेल २००३ ची शीट ६५,५३६ ओळींना संपे. २००७ च्या आवृत्तीने ती मर्यादा १०,४८,५७६ वर नेली. जुन्या प्रोग्रॅमने सेव्ह करताना फाइलचा प्रकार मात्र सांगितलेला नसे, त्यामुळे नाव एका प्रकारचे आणि आतला मजकूर दुसऱ्या प्रकारचा अशा फाइली निघू लागल्या. बँक खात्यांच्या याद्या वाढल्यावर आणखी एक गोष्ट उघड झाली : एक्सेल आकड्यातले १५ च अंक जपते. १६ अंकी खाते क्रमांक आकडा म्हणून लिहिला की शेवटचा अंक शून्य होतो, आणि पैसे परत येतात.

पुढची वर्षे थोडक्यात उरकण्यासारखी आहेत. एक्सेलशिवायच फाइल लिहिणाऱ्या लायब्ररी आल्या, ब्राउझरमधली तयार पॅकेजे आली, आणि ‘काहीतरी चुकले, पुन्हा प्रयत्न करा’ असा संदेश रूढ झाला. ४२९ वाचून संगणक विभागातला माणूस निदान कुठे बघायचे हे जाणत होता. या वाक्यावरून त्याला काहीच कळत नाही आणि तक्रार नोंदवून वाट पाहण्यापलीकडे त्याच्या हाती काही राहिलेले नाही.

आज संगणक बदलताना सर्वाधिक अडवणारी गोष्ट ३२ आणि ६४ बिटची आहे. २०१९ पासून ऑफिस मुळातच ६४ बिटचे बसते. एक्सेलला हुकूम देणारा ३२ बिटचा प्रोग्रॅम त्याच्याशी बोलू शकतो. पण तोच प्रोग्रॅम डेटाबेसच्या मार्गाने नव्या प्रकारची शीट वाचू पाहतो तेव्हा त्याला ३२ बिटचा एसीई प्रोव्हायडर (अशी शीट वाचून देणारा घटक) सापडत नाही आणि ३७०६ हा एरर येतो. नवे ऑफिस पहिल्यांदा उघडताना सक्रियतेची चौकट येते. ती हाताने पुरी केली नाही तर पडद्याआड तीच उत्तराची वाट पाहते. ज्या संस्थांनी प्रोग्रॅमचा सोर्स मागून घेतला, त्यांना या ओळी दुरुस्त करता येतात. ज्यांना फक्त तयार फाइल मिळाली, त्यांच्याकडे ३२ बिटचे ऑफिस पुन्हा बसवणे आणि विंडोजची प्रादेशिक सेटिंग जुन्या संगणकाशी जुळवणे एवढेच उरते.