निगेटिव्ह काचेकडे दुसऱ्यांदा पाहताना

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची पूर्वचिन्हे शोधणाऱ्या प्रयोगशाळेत सर्वाधिक जोखमीची काचपट्टी म्हणजे ‘निगेटिव्ह’ शेरा मिळालेली. कारण पेशींत बिघाड दिसला तर पुढे बायोप्सी होते आणि झालेली चूक तिथे उघडकीस येते, परंतु निगेटिव्ह अहवाल हाती आलेली स्त्री निर्धास्त होऊन घरी जाते आणि पुढची काही वर्षे तिला कोणी तपासत नाही.

पॅप चाचणीत गर्भाशयमुखावरून खरवडलेल्या पेशी काचेवर पसरून लगेच अल्कोहोलमध्ये स्थिर कराव्या लागतात, कारण त्या हवेत वाळल्या तर केंद्रके फुगतात आणि निरोगी पेशीही संशयास्पद दिसू लागते. पारंपरिक काचेवर सुस्थितीतील किमान 8,000 ते 12,000 पेशी नसतील, तर एरवी बिघाड न दिसणारा नमुना निगेटिव्ह न ठरवता ‘अपुरा’ म्हणून परत पाठवावा, असा पॅप अहवाल लिहिण्याच्या बेथेस्डा पद्धतीचा निकष आहे. हा प्रामाणिकपणा गुणवत्तेची पहिली पायरी होय.

अमेरिकेत 1987 मध्ये पत्रकार वॉल्ट बोगदानिच यांनी ‘वॉल स्ट्रीट जर्नल’मधून काचपट्ट्यांच्या संख्येवर मोबदला देणाऱ्या प्रयोगशाळांतील घाई आणि तिची स्त्रियांनी मोजलेली किंमत उजेडात आणली, आणि 1988 च्या प्रयोगशाळा कायद्याने मानवी डोळ्याचा थकवा हिशेबात धरला. त्याखालील नियमांनुसार एका तंत्रज्ञाने चोवीस तासांत 100 हून अधिक काचा पाहू नयेत व तेवढ्या पाहायला किमान आठ तास द्यावेत, निगेटिव्ह नमुन्यांपैकी किमान 10 टक्के अहवाल देण्यापूर्वी पुन्हा तपासावेत, आणि एखाद्या स्त्रीत तीव्र बिघाड आढळल्यास तिचे मागील पाच वर्षांतले उपलब्ध निगेटिव्ह नमुने बाहेर काढावेत. यांपैकी दहा टक्क्यांचा नियम अपुरा वाटतो: हजार निगेटिव्ह काचांत पाच चुका दडल्या असतील, तर यदृच्छेने निवडलेल्या शंभरांत सरासरी अर्धीच चूक येईल. ब्रिटनमध्ये रूढ झालेली जलद फेरतपासणी, जिच्यात दुसरी व्यक्ती प्रत्येक निगेटिव्ह काच एक-दोन मिनिटांत नजरेखालून घालते, त्यामुळेच अधिक तर्कशुद्ध ठरते.

महाराष्ट्रातील तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाच्या सहभागाने, 1,31,746 स्त्रियांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष 2009 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही (म्हणजे या रोगास कारणीभूत विषाणूच्या) चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्याने घटले, तर पॅप चाचणीच्या गटात तशी लक्षणीय घट दिसली नाही. ही चाचणी डोळ्याऐवजी यंत्र वाचते, आणि यंत्र थकत नाही हे खरे. तथापि तिथे वापरलेल्या ‘हायब्रिड कॅप्चर 2’ चाचणीत नमुन्यात पेशी मुळात आहेत की नाहीत हे पडताळण्याची सोय नाही, त्यामुळे रिकामा ब्रशही निगेटिव्हच ठरतो. म्हणून नंतरच्या अनेक चाचण्यांत विषाणूबरोबर बीटा-ग्लोबिन हे मानवी जनुकही शोधले जाते, आणि ते सापडले नाही तर निगेटिव्ह अहवाल न देता नमुना पुन्हा मागवला जातो.